सहावी सूना

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच सूना, म्हणजे कत्तलखाने, सांगितलेत: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. मनूशी माझं एरवी जमत नाही, पण घर चालवायचं तर जीव मरणारच, ही कबुली मला प्रामाणिक वाटते. त्यावर उतारा पंचमहायज्ञांचा. त्यातल्या भूतयज्ञात किडामुंगीलाही घास.

पोशीरला आमच्या इमारतीत सहावी सूना आली ती फवाऱ्याच्या पंपातून. पावसाळ्यात झुरळं वाढली, आणि सगळ्या घरांत फवारायचं ठरलं. तळमजल्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, "काकू, झुरळं मरू देत की! पण औषध लादीवर राहतं, अन् आमचं बाळ लादी चाटतं." धर्मशास्त्राला यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

घरातल्या बारक्या तपकिरी झुरळाची मादी 30-40 अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत अंगाशी बाळगते. फवारा त्या डबीत सहसा पोचत नाही. म्हणजे विष घरभर, आणि पिल्लं पुन्हा हजर.

मग आम्ही सिंकखाली पाइपाभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या, मोरीला बारीक जाळी लावली, बिजागरीमागे जेलचा ठिपका दिला. जेलही विषच, त्याला मी अहिंसा म्हणणार नाही. वरच्या मजल्यावरचे जैन काका फटी बुजवायला थापी घेऊन आले, जेलला मात्र नाही म्हणाले. त्यांच्याकडे झुरळं तशीही कमीच. सूर्यास्तानंतर त्यांच्या ओट्यावर खायला काही उरतच नाही.