डावा हात माझा

आमच्या अंगणात एक लाकडी सोफा आहे. तो मी स्वतः केला आहे. या दोन वाक्यांपैकी पहिले वाक्य तुम्ही साताऱ्याला येऊन, हवे तर सोफ्यावर बसून, पडताळून पाहू शकता. दुसऱ्या वाक्याने मात्र माझी झोप उडवली आहे.

सुरुवात अगदी निष्पाप होती. संध्याकाळी अंगणात बसायला काहीतरी हवे, असे आमच्या हिचे म्हणणे पडले. झोपाळा नको, कारण तो करकरतो. प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, कारण घरात बारसे असल्यासारखे वाटते. दुकानात चौकशी केली, तर दुकानदाराने ३२ हजार सांगितले आणि वर "साहेब, हा भाव फक्त तुमच्यासाठी" असेही म्हणाला. मी बी.कॉम. आहे. कोणी "फक्त तुमच्यासाठी" म्हटले की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. लाकूड, खिळे, सरस आणि तेल मिळून साडेनऊ हजार. मजुरी शून्य, कारण मजूर मीच. म्हणजे निव्वळ नफा साडेबावीस हजार! बावीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला असा आकडा दिसला की तो स्वतःला सुतार समजू लागतो.

एका पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान मिळाले. विकणारा म्हणाला, "मुरलेलं लाकूड आहे." त्यात खिळेही मुरलेले होते, हे माझ्या आधी करवतीला कळले. रंधा, पटाशी आणि गुण्या गल्लीच्या टोकाच्या सुतारमामांकडून मागून आणले. मामांनी विचारले, "माप कशात घेणार?"

"इंचात."

"इंच लई मोठा पडतो साहेब. सूत धरा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण आम्ही व्याजाचे पैसेसुद्धा जवळच्या रुपयात बसवणारी माणसे. मी सुतांचे इंच करून टाकले.

चार रविवार खपून सोफा उभा राहिला. बैठकीच्या पट्ट्या मी एकमेकींना अशा घट्ट भिडवल्या होत्या की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. बैठक पाणसळीने तपासून अगदी सपाट केली होती. जमाखर्च जुळल्यावर जे समाधान मिळते, ते मिळाले.

मग जून आला. लाकूड ओल पिऊन फुगते आणि ते लांबीत नव्हे, रुंदीत फुगते. माझ्या पट्ट्यांना फुगायला जागाच नव्हती, म्हणून त्या वर उठल्या. सपाट बैठकीवर पाणी साचले. लोखंडी खिळ्यांनी तांबडे ओघळ सोडले. काटेकोरपणा, सपाटपणा आणि घट्टपणा हे बँकेतले तिन्ही सद्गुण लाकडात दुर्गुण ठरले. बसले की सोफा असा कण्हत असे की पाहुणे उठून उभे राहत.

३० जूनला आमचे तिमाही क्लोजिंग होते. रात्री दहाला घरी आलो. पाऊस थांबला होता. सहज सोफ्यावर टेकलो, तर काय! हूं नाही की चूं नाही. पट्ट्या खाली बसलेल्या, पाणी निथळून गेलेले. "अगं, सोफा मुरला!" मी ओरडलो. ही म्हणाली, "हो का? हातपाय धुऊन घ्या."

पट्ट्यांमध्ये आता फटी होत्या. त्या मला दिसल्या नाहीत असे नाही. लाकूड वाळून आक्रसले असेल, असे मी ठरवून टाकले. भर पावसाळ्यात ते वाळले कसे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. आपल्या फायद्याच्या नोंदीला व्हाउचर कोण मागतो?

पुढे दोन महिने मी त्या सोफ्यावर जगलो. शाखेतली मंडळी भजी खायला आली, तेव्हा मी सागवानावर व्याख्यान दिले. समोरच्या बंगल्यातले निवृत्त मास्तर एकदा फाटकाशी थांबले. नेमके मामा त्यांचा रंधा न्यायला आलेले. मास्तरांनी त्यांनाच विचारले, "हा कोणी हो केला? आम्हाला असे दोन हवेत."

मामा माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "सायबांनीच की."

मी विनयाने मान खाली घातली.

पंधरा दिवसांनी मास्तरांकडे टेंपो आला आणि त्यातून दुकानातले दोन सोफे उतरले. मास्तर म्हणाले, "तुमच्यासारखे हात आम्हाला कुठले! शेवटी विकतच आणले."

त्या रात्री हिने खरे ते सांगितले. ३० जूनला हिनेच मामांना बोलावले होते. त्यांनी दिवसभर खपून पट्ट्या काढल्या, रंधल्या आणि मध्ये दोन-दोन सुतांची फट ठेवून पितळी स्क्रूने बसवल्या. बैठकीला मागे उतार दिला. पाय जमिनीतले पाणी ओढू नयेत म्हणून खाली रबर लावले. एका दिवसाची मजुरी घेतली आणि जाताना बजावले, "सायबांना सांगू नका. हौसेनं केलंय त्यांनी."

मी टॉर्च घेऊन सोफ्याखाली शिरलो. पितळी स्क्रू चमकत होते.

आता मला सांगा, हा सोफा कोणाचा? जॉन लॉक नावाचा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ म्हणतो की, ज्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. मामांच्या बाजूने निकाल लागला, असे वाटते ना? पण त्याच प्रकरणात हा गृहस्थ आपल्या नोकराने कापलेल्या गवताच्या ढेपासुद्धा आपल्याच धरतो! म्हणजे लॉकसाहेब मला सोडून देतील. २०१२ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 'आयकिया परिणाम' या नावाने एक निबंध छापला. त्यात स्वतः घड्या घालून केलेल्या कागदी बेडकांना आणि बगळ्यांना नवशिके लोक जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाइतकी किंमत देतात, असे आढळले. तेही मला सोडून देतील. आपल्या हाताचा बेडूक कोणाला राजहंस वाटत नाही?

मला सोडत नव्हती ती बँक. संध्याकाळी रोकड मोजताना दहा रुपये जास्त भरले, तर ते खिशात घालायचे नसतात. धनी सापडेपर्यंत ते सस्पेन्स खात्यात ठेवायचे असतात. बावीस वर्षांत मी ते दहा रुपये कधी खिशात घातले नाहीत. चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम परत फिरवताना, "मला काय ठाऊक, आली म्हणून खर्च केली" म्हणणाऱ्या खातेदाराला मी काउंटरवरून नीतीचे धडे दिले आहेत. आणि इथे मामांची जमा माझ्या खात्यात पडली, तर मी दोन महिने ती भज्यांबरोबर खाल्ली. सोफा माझाच आहे, पैसे मी भरलेत. श्रेय मात्र माझे नव्हते. आणि श्रेय ही काही नुसती शोभेची गोष्ट नव्हे. मी मान खाली घातली, तेवढ्यात मामांचे महिनाभराचे काम गेले.

सकाळी मामांकडे गेलो. "मामा, मास्तरांना खरं का नाही सांगितलंत?"

मामा रंधा मारता मारता म्हणाले, "तुम्ही हुबे होता की तिथं. तुम्ही सांगाल म्हटलं." मग थोडे थांबून, माझी कीव आल्यासारखे म्हणाले, "आन् डावा हात तुमचाच ठेवलाय हो. त्याला हात नाही लावला."

घरी येऊन पाहिले. डावा हात उजव्यापेक्षा तीन सूत उंच आहे.

तेव्हापासून मी खरे सांगायला लागलो. "सोफा मामांनी केला, डावा हात तेवढा माझा." तर लोक म्हणतात, "वा! काय विनय आहे!" म्हणजे चूक दुरुस्त करायची नोंदही पुन्हा माझ्याच खात्यात जमा!

शेवटी मी बोलणे सोडले. कोणी सोफ्याचे कौतुक करू लागले की चपला घालतो आणि त्यांना चालवत मामांच्या दुकानात नेऊन उभे करतो. परवा आमच्या शाखाधिकाऱ्यांना नेले. त्यांनी दोन बाकांची ऑर्डर दिली, आगाऊ रक्कमही दिली. मामांनी पैसे कपाळाला लावून खिशात ठेवले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे सायब पण करतात बरं का थोडं. डाव्या बाजूचं."