‘हे खरंच घडलं होतं का?’

आमच्या गल्लीतली नववीतली एक मुलगी सध्या ‘श्रीमान योगी’ने झपाटली आहे. वाचनालयातली जुनी प्रत, शिवण उसवलेली, पाठीवर चिकटपट्टी. खुणेसाठी पानापानांत एसटीची तिकिटं खोचलेली. जेवताना पुस्तक ताटाशेजारी असतं आणि चाळीत कांदा निवडायला बसली तरी तोंडी विषय शिवाजी महाराजांचाच. घरचे म्हणतात, ‘अगं, ती कादंबरी आहे, इतिहास नव्हे. त्यापेक्षा गणितं सोडव.’

गणितं सोडवावीतच. पण ‘कादंबरी आहे’ म्हणून त्या वेडावर पाणी ओतू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. कारण परवा तिनं मला विचारलं, ‘काका, आपल्या साल्हेरची लढाई खरंच एवढी मोठी झाली होती का?’ मुलांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा म्हणून इतिहासाचे शिक्षक वर्षभर धडपडत असतात. इथे तो एका कादंबरीनं विचारायला लावला.

लढाई खरोखरच मोठी होती. १६७२च्या आरंभी मोगलांनी साल्हेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. एका बाजूनं प्रतापराव गुजर आणि दुसरीकडून मोरोपंत पिंगळे चालून आले. मराठ्यांची ओळख गनिमी काव्याची; इथे मात्र ते उघड्या मैदानात मोगलांशी समोरासमोर भिडले आणि जिंकले. शूर सूर्यराव काकडे या लढाईत पडले. सभासदानं आपल्या बखरीत त्यांना महाभारतातल्या कर्णाच्या पंक्तीला बसवलं आहे. ही बखर १६९४ची, म्हणजे लढाईनंतर बावीस वर्षांनी, दूर जिंजीत, राजाराम महाराजांसाठी लिहिलेली. कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कोणासाठी लिहिलं, हे विचारायची सवय मुलांना इथूनच लागते. बखरकारही भारावून लिहितो, हे एकदा कळलं की कादंबरीकाराचं भारावणंही ओळखता येतं, आणि तरीही दोघांवरचा जीव कमी होत नाही.

रणजित देसाई यांची ही कादंबरी तर अधिकच भाग्यवान. तिच्या आरंभीच नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेलं आहे. शिवचरित्राकडे साधनांच्या आधारे, डोळसपणे कसं पाहावं, याचा त्यात कसून विचार आहे. गोष्ट आणि गोष्टीची पारख एकाच पुठ्ठ्यात, असं भाग्य फार थोड्या पुस्तकांना लाभतं. बहुतेक मुलं ही पानं उलटून थेट गोष्टीला भिडतात, आणि त्यात काही वावगं नाही. चौदाव्या वर्षी आधी घोडे दौडले पाहिजेत. कादंबरी संपली की मात्र मागे फिरून ते पत्र वाचायला सांगावं. अवघड वाटेल, काही पानं डोक्यावरून जातील, तरी सांगावं.

आपण सटाण्याची माणसं या बाबतीत आणखी भाग्यवान. ताहाराबाद, मुल्हेर करत गेलं की साल्हेर समोर उभा राहतो. कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १५६७ मीटर. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यांत साल्हेर आहे आणि ती बखर जिथे लिहिली गेली तो जिंजीही आहे. परदेशातून लोक आता हा गड पाहायला येतील. आपल्या बागलाणातली कितीतरी मुलं मात्र अजून तिथे गेलेली नाहीत.

तुमच्याही घरात असं झपाटलेलं कोणी असेल, तर परीक्षा आटोपल्यावर त्याला साल्हेरला घेऊन जा. पहाटेच निघा, चढण दमवणारी आहे, पाणी भरपूर घ्या. माथ्यावर परशुरामाच्या मंदिरापाशी बसून खालचा मुलूख दाखवा, आणि त्या लढाईविषयी तुम्ही काही सांगण्याआधी त्यालाच सांगू द्या.