परीक्षेंतून सूट ही दया कीं अन्याय?

शाळा तपासावयास साहेब येणार असले म्हणजे वर्गांतील एखाद्या अडखळणाऱ्या मुलास “बाळ, उद्यां तूं घरींच राहा” असें गोड शब्दांनीं सांगण्यांत येतें, हें आमच्या कित्येक वाचकांनीं पाहिलें असेल. मूल घरीं राहतें, मास्तरांची लाज राखली जाते, आणि कोणाचें कांहीं बिघडलेलें दिसत नाहीं. ह्या दयेंत न्याय कितीसा आहे, ह्याचा थोडा विचार करूं.

अमेरिकेंत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उद्भवला. ज्यांस हल्लीं दिव्यांग म्हणतात, अशा मुलांस सरकारी शाळेंत फुकट व योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क तेथें १९७५ सालच्या कायद्यानें दिला. तथापि राज्याच्या सर्वसाधारण परीक्षांतून हीं मुलें पुष्कळ ठिकाणीं वगळलीं जात. कारण दयेचें सांगत. परंतु त्यांचे गुण धरिले नाहींत म्हणजे शाळेची सरासरी उंच दिसते, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. जें मूल मोजलेंच नाहीं, त्यास वाचतां येतें कीं नाहीं ह्याचा जाब कोणी कोणास विचारावा? १९९७ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन त्यांस परीक्षेंत घेणें भाग झालें. पुढें २००२ सालीं मंजुरी मिळालेल्या दुसऱ्या एका कायद्यानें दिव्यांग मुलांपैकीं शेंकडा ९५ तरी परीक्षेस बसलीं पाहिजेत असें ठरविलें.

येथें कोणी म्हणेल, ज्यास दिसत नाहीं त्याच्यापुढें छापील कागद ठेवणें हा क्रूरपणा नव्हे काय? होय, क्रूरपणाच. म्हणून सवलत पाहिजे. पण ती कोणती, हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. गणिताच्या परीक्षेंत उदाहरण मोठ्यानें वाचून दाखविलें, तरी तें सोडवावयाचें मुलानेंच असतें. परंतु वाचनाच्या परीक्षेंत उताराच वाचून दाखविला, तर परीक्षा मुलाची झाली कीं वाचणाऱ्याची? तेथें अंध मुलास ब्रेल लिपींतील कागद द्यावा, म्हणजे तें आपल्या बोटांनीं स्वतः वाचील. ज्यांच्या बुद्धीची वाढ फारच थोडी झाली आहे, त्यांच्याकरितां निराळी परीक्षा असते. मात्र ती एकंदर परीक्षार्थींपैकीं शेंकडा १ हून अधिकांस लावूं नये, अशी मर्यादा अमेरिकेंत २०१५ सालच्या कायद्यानें घातली. नाहीं तर वगळण्याची जुनी वाट तेथूनच पुन्हां उघडती.

आपल्या देशांतही २०१६ सालच्या कायद्यांत जादा वेळ व लेखनिक देण्याची तरतूद आहे. २०१८ सालच्या नियमांनीं तासामागें निदान २० मिनिटें जादा सांगितलीं. त्याच कायद्यांत दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासांतून सूट देण्याचीही सोय आहे. एखाद्या बहिऱ्या मुलास ती खरोखर उपकारक होईल. तरी आईबापांनीं सही करण्यापूर्वीं मास्तरांस नम्रपणें विचारावें: मुलास ही भाषा येणारच नाहीं, कीं ती त्यास शिकवून कोणी पाहिलीच नाहीं?

आणि घरीं ठेविलेला तो मुलगा? दुसऱ्या दिवशीं शाळेंत येतांच तो सोबत्यांस विचारतो, काल साहेबांनीं काय विचारलें? ते प्रश्न सांगतात. आणि त्यांतल्या दोहोंचीं उत्तरें तो तेथल्या तेथें देतो.