‘स्वखुशीने’ या शब्दाची किंमत



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण कंधारकर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. १९४८ साली निजामाची राजवट संपली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरच्या वर्षांत गरिबाच्या पदरात काय पडले, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

नवे सरकार सुधारणावादी होते. १५ ऑगस्ट १९४९ रोजी हैदराबाद राज्यातील जागिरी रद्द झाल्या. १९५० साली देश प्रजासत्ताक झाला आणि त्याच वर्षी राज्यात कूळकायदा आला. त्या वेळचे महसूलमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले. वर्षानुवर्षे दुसऱ्याचे शेत कसणारा गरीब आता ‘संरक्षित कूळ’ ठरला. मालकाच्या मनात आले म्हणून त्याला काढता येणार नव्हते.

पुढे अर्थतज्ज्ञ ए. एम. खुसरो यांनी पूर्वीच्या जागिरी गावांची पाहणी केली. १९५१ साली संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी सुमारे १२ कुळे जमिनीची मालक झाली, ही आनंदाची गोष्ट. पण सुमारे २२ कुळांना तीन-चार वर्षांतच बेकायदा हुसकावले गेले आणि आणखी सुमारे १७ कुळांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली.

स्वखुशीने! ज्या मालकाकडून बी-बियाणे, उसने धान्य आणि लग्नकार्याला कर्ज घ्यायचे, त्याने कागद पुढे केला तर ‘नाही’ म्हणण्याची हिंमत कुठून आणायची? हुसकावलेल्याला निदान तक्रार तरी करता येते. अंगठा देणाऱ्याला तीही सोय उरत नाही.

बायबलमधील नाबोथाची गोष्ट आपण ऐकली आहे. त्याचा द्राक्षमळा बळकावताना पत्रावर राजाचा शिक्का होता, साक्षीदार होते, गावचे वडीलधारे होते. कागदोपत्री सारे नियमाप्रमाणेच झाले. तरीही देवाने त्याला खून आणि चोरी म्हटले.

मग दोष सरकारचा की मालकाचा? सरकारचा थोडा आहेच. हक्क दिला, पण हक्क बजावणाऱ्याच्या पाठीशी ते पुरेसे उभे राहिले नाही. परंतु प्रत्येक बांधावर सरकार उभे राहू शकत नाही. तिथे शेजारी असतो, नातेवाईक असतो, गाव असते. ते गप्प राहिले, की चांगला कायदाही कपाटातच राहतो.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. आजही वडिलांच्या माघारी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. कायद्याने तिला वाटा दिला आहे. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात असते. ती सही करते आणि आपण म्हणतो, ‘ताईने स्वखुशीने सोडले.’

अशा वेळी भावाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ती ‘नाही’ म्हणाली असती, तर दिवाळीला मी तिला तितक्याच प्रेमाने घरी बोलावले असते का? उत्तर ‘हो’ नसेल, तर तो कागद पुन्हा उघडावा.