सीनेचे पाणी आणि इंजिनची टकटक

न्यायसूत्रांत अनुमानाविरुद्ध एक पूर्वपक्ष आहे. परंडा तालुक्यातल्या माणसाला तो फोड करून सांगावा लागणार नाही. नदी दुथडी भरलेली दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला, असे आपण म्हणतो. पण खाली कोणी पाणी अडवले असेल तर? मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार. पण कोणी त्यांचे घर उकरले असेल तर? आवाज ऐकून मोर आहे म्हणावे, तर तसा आवाज माणूसही काढतो. म्हणजे खुणेवरून अनुमान करणे हे ज्ञानाचे साधनच नव्हे. सूत्रांनी आणि वात्स्यायनाच्या भाष्याने यावर दिलेले उत्तर मला पटते. पावसाच्या पुराचे पाणी वेगळेच असते: गढूळ, ओढीचे, फेसाळ, पाने-फळे-लाकडे घेऊन येणारे. सीना-कोळेगाव धरणाच्या फुगवट्याकडे पाहून काल पाऊस झाला असे कोणी म्हणत नाही आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच सीनेचे पाणी गावांत शिरले तेव्हा ते कशाचे, हेही कोणाला विचारावे लागले नाही. चूक अनुमानाची नसते, ‘नदी भरली’ एवढ्या अर्ध्या खुणेवर विसंबण्याची असते. मात्र पुरी खूण हाती यायची तर कारणाला हात घालून पाहता आले पाहिजे, हे भाष्यकार म्हणत नाहीत, मी म्हणतो. त्यासाठी नदीपेक्षा घरच्या गाडीचे इंजिन सोयीचे.

इंजिन टकटक करते. ही अर्धी खूण. टॅपेटचे अंतर वाढले की टकटक होते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गास्केट फुटले तरी जवळजवळ तशीच होते आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले तरी ठोका येतोच. पहिल्यात काम थोडक्यात भागते, तिसऱ्यात इंजिन खोलावे लागते. चांगला मिस्त्री आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहतो, मग लांब पेचकसाचे टोक इंजिनवर टेकवून मूठ कानाला लावतो आणि टकटक वरून, हेडकडून येते की खालून, हे ऐकतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून टॅपेटची टकटक क्रँकच्या निम्म्या गतीने पडते. रॉडचा ठोका जड असतो आणि ऑइल तापून पातळ झाले की वाढतो. गास्केटची गळती उलट वागते. थंड इंजिनात ती जोरात असते, धातू तापून फुगला की कमी होते. यानंतरची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडून पाहायचा. रॉडचा ठोका त्या सिलिंडरपाशी मंदावतो, टॅपेटला फरक पडत नाही. पण गळतीचा आवाजही मंदावतो, म्हणजे ही एक परीक्षा पुरत नाही. तिला थंड-गरमची जोड द्यावी लागते. बेल्टचा संशय असेल तर बेल्ट उतरवून क्षणभर इंजिन चालवायचे. आवाज थांबला तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा पुलीकडे. कारण असताना कार्य असणे हा अन्वय, कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. आणि इथे व्यतिरेक डोळ्यांदेखत घडवून आणता येतो.

यावर परंड्यातूनच आक्षेप येईल. तालुक्यातल्या डोमगावला, सीनेच्या काठी, दासबोध लिहून घेणाऱ्या कल्याणस्वामींचा मठ आहे आणि दासबोधात मान आहे तो प्रत्ययाला. अनुमानाची तिथे हेटाळणीच आहे. ती मला मान्य आहे. पण ती न पडताळलेल्या तर्कटाची आहे आणि स्पार्क तोडून पाहणारा मिस्त्री प्रत्ययच घेत असतो. चार्वाकाचा आक्षेप अधिक कठीण: आजवर असे घडले म्हणून उद्याही घडेल, हे कशावरून? उदयनाचार्यांनी याला दिलेले उत्तर व्यवहारी आहे. शंका घ्यावी, पण स्वतःच्या वागण्याशी विसंगत होईल इतकी ताणू नये. भूक भागेल की नाही अशी शंका घेणाराही जेवायला बसतोच. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, असे सांगतात. पाणी दाबले जात नाही, सिलिंडरमध्ये शिरले असेल तर रॉड वाकतो. या नियमावर शंका घेणारा चार्वाकही स्वतःच्या गाडीची किल्ली फिरवणार नाही.

हीच कसोटी धर्माच्या प्रांतात नेली तर काय होते? नव्या गाडीला दृष्ट लागली म्हणून आवाज येतो, या म्हणण्याची परीक्षा होऊ शकते. लिंबू-मिरची बांधा आणि ऐका. (बांधायला कोणाची हरकत नसावी, फक्त गास्केटही बदलून घ्यावे.) पण उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत कार्यावरूनच ईश्वर सिद्ध केला आहे: घट हे कार्य, त्याला कर्ता असतो, जग हेही कार्य, त्यालाही कर्ता असला पाहिजे. इथे ईश्वर दूर करून जग चालते का हे पाहता येत नाही, शेजारी ठेवायला दुसरे जगही नाही. यावर कोणी म्हणेल, अशी अट घातली तर ग्रहणाचे गणितही बाद होईल, सूर्याला कोण हात लावणार? ते बाद होत नाही, कारण ते आधी तारीख आणि वेळ सांगते आणि चुकण्याची जोखीम घेते. ईश्वरानुमान तशी जोखीम घेत नाही. रानात कोंब कोणी न करता फुटतो, हे उदाहरण विरोधकाने पुढे केले की नैयायिक कोंबालाही वादातल्या वस्तूंतच, पक्षात, जमा करतो. त्याने ईश्वर खोटा ठरत नाही आणि डोमगावच्या भक्ताला या अनुमानाची गरजही पडलेली नाही. पण स्पार्क तोडूनही ठोका तसाच राहिला, तर तो ठोका जमेस धरायचा नाही असे म्हणण्याची सोय मिस्त्रीला नाही. त्याला रॉडचा संशय सोडून वर टॅपेट तपासायला जावे लागते.