एक चमचा तूप कमी

इंडियन ग्रोसरीच्या फ्रीजरमधून पुरणपोळीचं पाकीट उचलताना ते तिथवर कसं आलं, याचा विचार तुम्ही सहसा करत नाही. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो. आधी कल्पना, मग स्वयंपाकघरातला नमुना, मग कारखान्यातल्या चाचण्या: मशीनवर पोळी फाटते का, गोठवून पुन्हा गरम केल्यावर पुरण पाणी सोडतं का, किती महिने टिकते, किंमत परवडते का. पहिला नमुना बहुतेक वेळा छान असतो. त्यात साजूक तूप असतं, खरी वेलची असते. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे.

पाकीट दुकानात आल्यावर वर्षभरात कोणीतरी म्हणतं, तूप महाग झालंय, जरा कमी करून बघू. मग 'ट्रायअँगल टेस्ट' होते. चाखणाऱ्यापुढे तीन नमुने, दोन सारखे आणि एक वेगळा. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक जण बरोबर सांगणारच. त्याहून फारसे जास्त लोक ओळखू शकले नाहीत, तर बदल मंजूर. कोणाला कळलंच नाही, मग कोणाचं काय बिघडलं? पुढच्या वर्षी वेलचीऐवजी इसेन्स. पुन्हा कोणाला कळत नाही. पण तुलना होते ती गेल्या वर्षीच्या पोळीशी, पहिल्या पोळीशी नाही.

युब्युलिडीस नावाच्या ग्रीक विचारवंताच्या नावावर एक जुनं कोडं आहे. धान्याच्या राशीतला एक दाणा काढला तर रास रासच राहते. आणखी एक काढला तरीही. मग रास संपते कधी? तत्त्वज्ञ त्यावर वाद घालतात, आमच्याकडे त्यावर पगारवाढ मिळते.

अमेरिकेतल्या जुन्या वाचकांना श्लिट्झ बिअर आठवत असेल. मिलवॉकीची, एकेकाळी देशात सर्वांत जास्त खपणारी. १९७० च्या दशकात कंपनीने खर्च वाचवायला आंबवण्याचा वेळ कमी केला, कॉर्न सिरप वाढवलं. गिऱ्हाईक तुटत गेलं आणि १९८२ मध्ये स्ट्रो कंपनीने ती विकत घेतली. पण त्या पिणाऱ्यांच्या जिभेवर जुनी चव तरी होती.

तुम्ही म्हणाल, पदार्थ बदलतातच. खरं आहे. आपल्या उपासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडांतलं. (उपासाला चालतं ते असं!) पण तो बदल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला, आणि खिचडी करणारीही तीच खिचडी खात होती. इथे बदल पास होतो तो चांगला म्हणून नाही, तुमच्या लक्षात येत नाही म्हणून. मला यात फसवणूक दिसते, कायद्याने लेबल अगदी खरं असलं तरी. अमेरिकेत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा तूप तिसऱ्या नंबरवरून सातव्यावर गेलेलं तुम्ही वाचू शकता. फक्त तीन वर्षांपूर्वीचं पाकीट कोण जपून ठेवतं?

स्वस्त करण्यात पाप नाही. होस्टेलवरच्या मुलाला होळीला परवडेल अशी पोळी मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. मग पाकिटावर पुढच्या बाजूला ठळक लिहा, 'आता तेलातली'. किंवा तूप ठेवा आणि भाव वाढवा. दोन्हींत खप घटतो, म्हणून मीटिंगमध्ये हे कोणी बोलत नाही. गिऱ्हाइकाला कमी दिलेलं कळणार नाही, एवढ्यावरच नफा उभा असेल तर तो कशाचा नफा म्हणायचा?

आणि आपली मुलं? ज्या मुलीने पहिलीवहिली पुरणपोळी फ्रीजरमधलीच खाल्ली, तीही तेलातली, तिच्यासाठी तीच पहिली पोळी. उद्या तिला चाखायला बसवलं तर ती अगदी प्रामाणिकपणे सांगेल, काहीच फरक नाही.