पाळलेला मासा आणि परक्याचा घास

जें आपण स्वतःच्या श्रमानें वाढविलें तें आपलें, ही समजूत मनुष्याच्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं, ती एकदां तपासून पाहावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. ज्यानें पेरलें त्यानें कापलें, यांत अन्याय तो कोणता? हाच न्याय आपण मत्स्यसंवर्धनास लावतों. समुद्रांतील मासळी सर्वांची, ती वारेमाप मारणें अयोग्य. परंतु तळ्यांत किंवा जाळीच्या पिंजऱ्यांत वाढविलेला मासा मालकाचा, आणि त्याच्या योगानें समुद्रावरील भार हलकाच होतो, असें आपण धरून चालतों. २०२२ सालीं जगांत पाळलेल्या जलचर प्राण्यांचें उत्पादन पकडलेल्या प्राण्यांहून प्रथमच अधिक भरलें. तेव्हां हा प्रश्न आतां मूठभर शास्त्रज्ञांचा राहिलेला नाहीं.

शेतकऱ्याचें पीक मातीवर व पाण्यावर पोसतें. सॅमनसारखा मांसाहारी मासा पाळावयाचा तर त्याच्या मुखीं दुसरे मासे घालावे लागतात. नॉर्वेंतील सॅमनच्या खाद्यांत १९९० सालीं सुमारें ९० टक्के भाग मासळीची भुकटी, तेल अशा समुद्रोत्पन्न पदार्थांचा असे. ही भुकटी ज्या लहान माशांची होते, ते मनुष्याच्या उपयोगाचे नसतात असें मात्र नाहीं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारली ही गरिबाच्या भाताबरोबरची मासळी. तीच भुकटीच्या कारखान्यांत गेली म्हणजे एकाचा घास दुसऱ्याच्या मेजवानीच्या कामीं येतो. कोणी चोरी केली नाहीं, सर्वांनीं दाम मोजले; तरीही कोणाचें तरी ताट रितें झालें.

यावर कोणी म्हणेल कीं, विज्ञानानें हा दोष दूर केला आहे. तें पुष्कळ अंशीं खरें आहे. २०१३ पर्यंत वरील प्रमाण सुमारें ३० टक्क्यांवर आलें, व संशोधकांचें हें यश लहान नव्हे. परंतु त्या जागीं जें सोयाबीन आलें त्याचा मोठा भाग ब्राझीलचा होता; म्हणजे समुद्राचें ओझें उतरलें तें कांहीं अंशीं दूरच्या भूमीच्या खांद्यावर. आपल्याकडेही कोळंबीच्या तळ्यांमुळें विहिरी व शेतें खारावल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढें गेली, आणि ११ डिसेंबर १९९६ रोजीं न्यायालयानें पारंपरिक तळीं वगळून इतर तळीं किनाऱ्याच्या नियंत्रित पट्ट्यांतून हटविण्याचा हुकूम दिला. पुढें २००५ च्या कायद्यानें नोंदणीच्या अटीवर या धंद्यास पुन्हा वाट दिली. परंतु खारावलेली विहीर कायद्याच्या तारखेनें गोड होत नाहीं.

मग पाळलेला मासा खाऊंच नये काय? असा वैराग्याचा उपदेश मला करावयाचा नाहीं. कालवें पाण्यांतील सूक्ष्म जीवांवर जगतात. त्यांस वेगळें खाद्य द्यावें लागत नाहीं. गोव्याच्या खाजणांत पावसाळ्यांत भात, आणि नंतर मानस नांवाच्या दारांतून भरतीबरोबर आंत येणारी मासळी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. कारण बांध गांवानें मिळून राखला. दोष पाळण्यांत नाहीं. पाळण्याचा खर्च कोणावर पडतो हें न पाहण्यांत आहे.

बाजारांत आपण कल्ले उघडून ताजेपणा पाहतों, भावाची घासाघीस करतों. हा मासा काय खाऊन वाढला, हेंही विचारावयास पैसा पडत नाहीं. विक्रेत्यास आज उत्तर ठाऊक नसेल. परंतु दहा घरांनीं रोज विचारलें, तर तें शोधणें त्यास भाग पडेल.